तिसऱ्या खांबाच्या पुढे

१ मे, बुधवार. सकाळी १०

ही वही गिडियन इन्क्स्टर यांची. वय बासष्ट. मुक्काम स्टूरा बेट, शेटलंड. फेरीबोटीवरच्या एकतीस वर्षांच्या जबाबदारीच्या नोकरीतून मार्चमध्ये निवृत्त. (गाड्या चढायच्या-उतरायच्या वेळी बोटीचा पुढचा दरवाजा उघडणे आणि बंद करणे. एकतीस वर्षांत तो एकदाही उघडा राहिला नाही. एकदा राहिला, पण त्या दिवशी समुद्र शांत होता.) वही खाजगी आहे.

सुरू करण्याचं कारण: १४ जूनला ओसलाला साठ पूर्ण होतात. काल जेवताना मोठ्या मनाने बायकोला म्हणालो, काय हवं ते माग. वाटलं होतं शिवणयंत्र मागेल. ती म्हणाली, "माळावरून पार पलीकडच्या कड्यापर्यंत जायचंय. तुझ्याबरोबर."

एवढंच! अडीच मैल जायचं, अडीच मैल यायचं. माळ आमच्या मागच्या दारातून दिसतो. पक्ष्यांसाठी राखीव केल्यापासून जर्मनीहून, जपानहून माणसं तो बघायला येतात. एकतीस वर्षं मीच त्यांना बोटीवर सांगत आलोय, कुठून चढा, कुठे पाय जपून टाका, काय बघा. म्हणालो, "बस्स? ठरलं." ओसला माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. आनंद असावा.

लग्नाच्या वर्षीही तिने हेच मागितलं होतं म्हणे. मला आठवत नाही. पाऊस असेल तेव्हा.

नोंद: मी स्वतः कड्यापर्यंत गेलोय का, हा प्रश्न गैरलागू आहे. समुद्राकाठी राहणारा माणूस काय रोज पोहतो?

३ मे, शुक्रवार

स्टॅमिना वाढवणे. रोज दोन मैल. आज दुकानापर्यंत गेलो, पाऊण मैल. परत येताना वॉटीची व्हॅन आली. वॉटी म्हणजे ओसलाचा धाकटा भाऊ. मेंढ्या पाळतो आणि उरलेल्या वेळात माझ्यावर लक्ष ठेवतो. म्हणाला, "दाजी, बसा. तोंड उकडलेल्या खेकड्यासारखं झालंय." बसलो. मेव्हण्याचं मन मोडू नये.

घरी चहा, तीन बॅनक (तव्यावरच्या जाड भाकऱ्या), लोणी, रूबार्बचा जॅम. व्यायामाने भूक लागते हे पुस्तकात लिहिलंय ते खरं आहे.

५ मे, रविवार

चर्चहून आल्यावर अभ्यास. मुख्य मुद्दा बॉन्क्सीचा. दांडग्या कोंबड्याएवढा तपकिरी पक्षी, स्वभाव वॉटीसारखा. घरटं करायच्या दिवसांत माळावर कुणी आलं की थेट डोक्यावर झेप घेतो. उपाय सोपा. तो सगळ्यात उंच वस्तूवर हल्ला करतो, म्हणून काठी डोक्याच्या वर धरायची. म्हणजे मार काठीला बसतो. हे मी आजवर निदान चार हजार प्रवाशांना सांगितलंय आणि एकही तक्रार आलेली नाही.

वाटेवर बावीस खांब आहेत, नंबर टाकलेले. अकराव्या वर्षी तिसऱ्या खांबापाशी माझ्या बाबतीत जे घडलं त्याचा इथे संबंध नाही. टोपी नवी होती एवढंच.

दुपारी परसात काठी डोक्यावर धरून चाळीस पावलं चाललो. उत्तम जमलं. कोंबड्या मात्र बिथरल्या.

८ मे, बुधवार

तीन दिवस अंडी नाहीत.

राखीव माळाची नवी वॉर्डन आली. केरिस. वेल्सची, वय सत्तावीस, पायात माझ्याहून मोठे बूट. दारात उभी राहून म्हणाली, "मिस्टर इन्क्स्टर, अर्धा डझन अंडी मिळतील का?" तिला आत बसवून माळाची समग्र माहिती दिली. पावणेदोन तास. मुलीने शांतपणे ऐकून घेतलं. वहीतही काहीतरी लिहिलं. ती हात धुवायला गेली तेव्हा वहीवर सहज नजर गेली. लिहिलं होतं: "अंडी – दुसरीकडे विचारणे."

जाताना ओसला तिला फाटकापर्यंत सोडायला गेली ती अर्ध्या तासाने परतली. काय बोलत होत्या कोण जाणे. विणकाम वगैरे असेल.

१२ मे, रविवार

पहिली पाहणी. एकटा गेलो. माळाच्या गेटपर्यंत पोचायला पंचवीस मिनिटं, म्हणजे वेग चांगला आहे. गेटची कडी गंजलेली. उघडली असती, पण जोर लावून सरकारी मालमत्ता मोडणं बरं नव्हे. बाहेरचा माहितीफलक संपूर्ण वाचला, खालच्या बारीक अक्षरांसकट. वारा ईशान्येचा.

ओसलाने विचारलं, कसं झालं? सांगितलं, पायाभूत काम झालं.

१७ मे, शुक्रवार

ओसला हल्ली रोज दुपारी बाहेर असते. केरिसच्या मदतीला जाते म्हणाली. पुढे आणखी काही सांगत होती, पण मी तेव्हा दोन्ही हातांनी काठी धरावी की एका, याचा विचार करत होतो. बहुधा पोरीला बॅनक भाजता येत नसावेत. वेल्समध्ये काय खातात देव जाणे.

ती नसल्याने चार वाजताचा चहा मलाच करावा लागतो. तक्रार नाही. फक्त नोंद.

२० मे, सोमवार

दुसरी पाहणी. अत्यंत यशस्वी. गेट उघडं होतं. पहिला खांब. दुसरा खांब. पायाखाली हेदरची झुडपं, मधे मधे काळं पाणी, वर चंडोल. मन प्रसन्न. तिसरा खांब.

तिसऱ्या खांबाजवळ बॉन्क्सी बसलेला. मी उभा. चार मिनिटं दोघांनीही संयम दाखवला. मग त्याने एक पंख उचलला. मी मागे फिरलो, कारण निरीक्षण पूर्ण झालं होतं.

परतीचा वेग जातानाच्या दुप्पट. स्टॅमिना वाढतोय.

२३ मे, गुरुवार

जेवताना ओसला खुशीत होती. म्हणाली, "आज एकतीस जोड्या झाल्या. केरिस म्हणते, गेल्या वर्षीपेक्षा चार जास्त." अच्छा! म्हणजे गावच्या हॉलमधल्या विक्रीसाठी मोजे विणणं चाललंय. एकतीस जोड्या! तिला शाबासकी दिली आणि राखाडी रंग जास्त खपतो असा सल्लाही दिला. ती काटा हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तपकिरी आहेत सगळ्या." खपणार नाहीत. पण बोललो नाही.

२६ मे, रविवार

हॉलमध्ये रविवारचा चहा. केक नऊ प्रकारचे. चौथ्या कपानंतर उभा राहून जाहीर केलं की १४ जूनला ओसलाच्या साठीनिमित्त मी तिला माळावरून कड्यापर्यंत घेऊन जाणार. टाळ्या पडल्या. वॉटी म्हणाला, "दाजी, कड्यापर्यंत की कडीपर्यंत?" सगळे हसले. या माणसाला कोण काय सांगतं कळत नाही.

कुणीतरी विचारलं, दहाव्या खांबाच्या पुढे हिवाळ्यात फळ्या वाहून गेल्यात, आता वाट कुठून? मी म्हणालो, सरळ. ओसला हळूच म्हणाली, "डावीकडून, गिडी. सरळ गेलं की डबकं लागतं."

बायका मदत करायला जातात आणि घोटाळा होतो. मी हसून सोडून दिलं. लोकही हसले. केरिस हसली नाही, ती ओसलाकडे पाहत होती.

२८ मे, मंगळवार

गंभीर प्रकार उघडकीस. ओसलाचे बूट मागच्या दाराशी वाळत होते. घोट्याच्या वरपर्यंत काळा चिखल. पीटचा, माळावरच्या जळाऊ मातीचा! म्हणजे वॉटी माझ्या बायकोकडून चुलीसाठी पीट कापून घेतो. साठीला आलेल्या बहिणीकडून! म्हणून दुपारी ती घरात नसते. बॅनक वगैरे सगळं निमित्त.

ताबडतोब फोन केला. वॉटीला सडेतोड सुनावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दाजी, एक विचारू? तुम्ही नक्की त्याच घरात राहता ना?"

फोन ठेवला.

२ जून, रविवार

तिसरी पाहणी. तपशील थोडक्यात.

तिसऱ्या खांबाच्या अलीकडे अकरा पावलांवर काठी उंच धरली, नियमाप्रमाणे. बॉन्क्सी मागून आला. नियमात मागचा उल्लेख नाही. टोपी गेली. दुसऱ्या फेरीला मी पोटावर आडवा झालो, हेतुपुरस्सर. सरपटत बाजूला होताना डावा पाय मांडीपर्यंत दलदलीत. बाहेर काढला, माझा मीच.

ओसलाने पँट धुतली. म्हणाली, "पांढरं कापूसगवत दिसलं की तिथे पाय टाकायचा नाही रे. खाली नुसतं पाणी असतं." हे तिला कुठून माहीत? माझ्याच बोलण्यातून कानावर पडलं असणार. लोकांवर आपला किती प्रभाव पडतो हे आपल्याला कळत नसतं.

मग तिने माझ्या कानामागच्या ओरखड्याला औषध लावलं. म्हणाली, "दुखतंय?" म्हणालो, छे. बराच वेळ लावत होती. औषध थोडंच होतं.

४ जून, मंगळवार

कोटाच्या खुंटीवर दुर्बीण. भारी, चामड्याच्या पट्ट्याची. ओसलाच्या कोटाखाली लपवलेली. माझा वाढदिवस नोव्हेंबरमध्ये आहे, पण तिला आधीपासून तयारी लागते. न पाहिल्यासारखं केलं. डोळे पाणावले.

८ जून, शनिवार

उजवा गुडघा. आजवर याची नोंद केली नव्हती, पण तो १९८७ पासून संशयास्पद आहे.

शांतपणे विचार केला. प्रश्न कडा बघण्याचा आहे, चालण्याचा नाही. आणि कडा समुद्रातूनच उत्तम दिसतो, हे कुणीही सांगेल. पूर्वीच्या ओळखीवर बोट मिळेल. पाऊण तासात जाऊन परत. वर थर्मासमध्ये सूप. ओसलाला ही योजना सांगितली. नकाशा काढून दाखवला.

तिने नकाशा पूर्ण पाहिला. म्हणाली, "मला समुद्रातून नकोय. चालत जायचंय." मी पुन्हा समजावलं. मग म्हणाली, "राहू दे गिडी. नसेल जमत तर नसेल जमत."

बरं झालं. तिच्याही मनावरचं ओझं उतरलं असेल. कितीही झालं तरी पाच मैल या वयात तिला झेपले नसते.

रात्री जेवली नाही नीट. मटणाचं सूप खारट झालं होतं थोडं.

११ जून, मंगळवार

जमत नाही असं मी म्हणालोच नव्हतो. उद्यापासून पुन्हा स्टॅमिना. पहाटे पाचला उठणे, दुकान दोनदा, जॅम बंद.

ओसला शुक्रवारचं काहीतरी सांगत होती. तेव्हा मी तिला काठीचा नवा कोन दाखवत होतो. पुढे चाळीस अंश. मागून येणाऱ्यासाठी.

१२ जून, बुधवार

उठलो आठला. जॅम संपवला, म्हणजे उद्यापासून मोह नको.

१३ जून, गुरुवार. संध्याकाळी ६

धुकं! खिडकीतून कोंबड्यांचं खुराडंसुद्धा दिसत नाही. रेडिओवर सांगितलं, उद्याही राहील. काय हे दुर्दैव. मी पूर्ण तयारीत होतो.

ओसलाला सांगितलं, अशा हवेत तुला नेण्याची जोखीम मी घेऊ शकत नाही. ती म्हणाली, "बरं." छान झोप लागणार आज.

१४ जून, शुक्रवार. सकाळी ७

आभाळ निळंभोर. एक ढग नाही. हवामानखात्यावर विश्वास ठेवून माणसाने जगावं कसं?

ओसला सहालाच उठली होती. टेबलावर दोन पुड्या. बॅनक आणि खारवलेलं मटण. दोन. मी वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या आणि त्याच दमात गुडघ्याचं सांगितलं. टाळता आलं असतं, पण खोटं बोलणं माझ्या स्वभावात नाही.

तिने एक पुडी पिशवीत टाकली. दुसरी टेबलावरच ठेवली. बूट घातले. खुंटीवरची दुर्बीण गळ्यात अडकवली. माझी दुर्बीण! म्हणाली, "मी जाऊन येते." मी म्हणालो, दुकानात चाललीस तर साखर आण.

तेव्हा ती दारात थांबली. "गिडी, मी माळावर चाललेय. केरिसने आज अकरा पाहुण्यांचा गट माझ्याकडे दिलाय. मी तुला मंगळवारी सांगितलं. बुधवारीही सांगितलं. तू मला काठी कशी धरायची ते शिकवत होतास."

दार लावून गेली. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

सकाळी ११

दुसरी पुडी खाल्ली. वाया गेली असती.

तिने साखर आणायला नाही म्हटलं नाही, पण हो सुद्धा म्हटलं नाही.

दुपारी १२.१५

वॉटी केक घेऊन आला. म्हणाला, "दाजी, तुम्ही घरी? ती एकटीच गेली?" गुडघ्याचं सांगायला सुरुवात केली. त्याने हात वर केला. वॉटी थट्टा करत नसला की त्याचं तोंड ओसलासारखं दिसतं, हे आज प्रथम लक्षात आलं. म्हणाला, "महिनाभर रोज जातेय ती. बॉन्क्सीच्या एकेका घरट्याची नोंद केलीय तिने, सगळ्या माळाची. मला विचारलं होतं मागे, वाढदिवसाला येतोस का माझ्याबरोबर? मी म्हटलं, दाजी आहेत की. तर म्हणाली, हो, तो येईलच."

केक ठेवून गेला.

एकतीस जोड्या.

दुपारी १२.४०

निघालो.

१५ जून, शनिवार. अंथरुणातून

कालचं सगळं जसं घडलं तसं लिहितो. निदान तसा प्रयत्न करतो.

गेट. पहिला खांब, दुसरा. काठी वर, चाळीस अंश पुढे. तिसऱ्या खांबाशी तो होताच. समोरून आला. काठीवर आपटला, खाट्. मी ओरडलो आणि पळालो. पण पुढच्या दिशेने पळालो, याची नोंद व्हावी. पाचव्या खांबापर्यंत डोळे मिटून. तिथे थांबून बघितलं तर आजूबाजूला सगळा माळ पसरलेला. बासष्ट वर्षांत मी तो आतून पाहिलाच नव्हता. कापूसगवत वाऱ्यावर हलत होतं, मैलभर. कुठेतरी एक पक्षी नुसताच शीळ घालत होता, एकच सूर. मला त्याचं नाव माहीत नव्हतं. चार हजार लोकांना मी काय सांगत होतो कोण जाणे.

सातव्या खांबापाशी धुकं आलं. समुद्रावरून, भिंत सरकत यावी तसं. आठवा खांब हाताने चाचपून शोधला. नववा. दहावा. पुढे फळ्या नाहीत. उभं राहून आठवायचा प्रयत्न केला की ओसला हॉलमध्ये काय म्हणाली होती. मी स्वतः काय म्हणालो होतो तेवढं आठवलं. सरळ.

डबकं लागलं. आधी गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. तळ लागेना. हललो की खाली जातोय, म्हणून हललो नाही. काठी आडवी टाकून तिला धरून राहिलो. मदतीसाठी हाक मारावी का, यावर विचार केला. या बेटावर जन्मलेल्या माणसाला ते शोभत नाही. मग हाक मारली. मग पुष्कळ मारल्या. शेवटी नुसतंच "ओसला, ओसला" म्हणत होतो.

किती वेळ गेला माहीत नाही. पाय लागत नव्हते आणि आता आहेत की नाहीत तेही कळत नव्हतं. मग शिट्टी ऐकू आली आणि एक आवाज, "सगळे जागेवर थांबा. कुणी पाऊल टाकायचं नाही." इतका ठाम आवाज की मी सुद्धा जागेवर थांबलो. धुक्यातून पिवळं जॅकेट आलं. आत ओसला. तिच्या मागे मुंग्यांसारखी रांग, ओळीने अकरा माणसं, शेवटी केरिस.

ओसलाने मला पाहिलं. तोंडाचा रंग गेला तिच्या. पण आवाज बदलला नाही. मागच्या वाटेवरची एक सुटी फळी मागवली, ती चिखलावर टाकून स्वतः पोटावर आडवी झाली आणि माझ्या काखेत हात घातला. "लाथा मारू नकोस. मागे रेल. खुर्चीत रेलतोस ना, तसा." ते मला येतं. एका धिप्पाड जर्मन माणसाने काठी ओढली. बाहेर आलो तेव्हा एखादं मोठं बूच निघावं तसा आवाज झाला. एका बाईने त्याचा फोटो काढला.

तीच बाई ओसलाला विचारत होती, "हे कोण?" मी तोंड उघडणार होतो. फेरीबोटीवर एकतीस वर्षं, वगैरे. पण दात इतके वाजत होते की जमलं नाही. ओसला म्हणाली, "माझा नवरा. माझ्याबरोबरच यायचा होता. जरा उशिरा निघाला."

मंडळी परत निघाली होती. केरिसने त्यांना पुढे घातलं. ओसलाने मला तिचा स्वेटर दिला, चहा पाजला, माझे तळवे चोळले. खूप जोरात चोळले. रागावून चोळत होती. म्हणाली, "तुला काही झालं असतं तर?" मग डोळे पुसून म्हणाली, "खाली जायचं की वर?"

खाली घर होतं. अंथरूण होतं. वॉटीचा केक होता.

"वर," म्हणालो. असं का म्हणालो माहीत नाही.

ती पुढे, मी मागे, तिच्या पिशवीचा पट्टा धरून. उरलेले बारा खांब. बॉन्क्सी दोनदा आले. तिने काठी नुसती खांद्याशी तिरपी केली, बोलत बोलत, जशी माणसं छत्री सावरतात. "ही सतरावी जोडी. हिच्या अंड्यातून कालच पिल्लू निघालं. तो उगाच ओरडतो, तिचा राग खरा." मी म्हणालो, मला मोजे वाटले होते. ती थांबली. इतकी हसली की तिला खांबाला टेकावं लागलं. धुक्यात हसली म्हणून जास्तच ऐकू आलं.

विचारलं, पहिल्यांदा कधी आलीस इथे? म्हणाली, "केरिस अंडी मागायला आली ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. पहिल्यांदा तुझ्याबरोबर यायचं होतं मला. छत्तीस वर्षं थांबले. मग कंटाळा आला."

मी पिशवीचा पट्टा दुसऱ्या हातानेही धरला.

बाविसाव्या खांबापाशी तिने मला खाली बसवलं. पुढे कडा, म्हणाली. काहीही दिसत नव्हतं. पांढरं. पण खालून आवाज येत होता, हजारो पक्ष्यांचा, बाजार भरावा तसा, आणि माशांचा आणि विष्ठेचा असा काही वास की डोळ्यांत पाणी आलं. मी म्हणालो, माफ कर, एवढं चालून दिसलं काहीच नाही. ती म्हणाली, "दिसत नाही तर नाही. वास तर येतोय ना?"

तिने पिशवीतून तिची पुडी काढली. तिने ती अजून उघडली नव्हती. माझी कुठे, विचारलं. अकरा वाजता खाल्ली, सांगितलं. तिने बॅनक मोडला आणि मोठा तुकडा मला दिला. मी तो परत दिला आणि छोटा घेतला. हे मुद्दाम लिहितोय, कारण कालच्या दिवसात मी केलेली ही एकच गोष्ट मला पुन्हा वाचावीशी वाटेल.

गुडघा सुजलाय. डावा. उजव्याला काही झालेलं नाही.

१९ जून, बुधवार

ओसला नऊला माळावर गेली. मला डॉक्टरांनी दहा दिवस घरी बसायला सांगितलंय. पाचला येते म्हणाली होती. मी बटाटे उकडत ठेवले. साडेपाच झाले. खिडकीशी तीनदा जाऊन आलो, चुलीकडे एकदाही नाही. एकतीस वर्षं मी बोटीवरून यायचो तेव्हा ती या खिडकीशी काय करत असेल, असा एक विचार आला. मोठा विचार नव्हता. पण गेला नाही लवकर.

सहाला आली. बूट काढून बसली. मी विचारलं, आज काय पाहिलंस?

तिने माझ्याकडे बघितलं, मी आजारी आहे की काय असं. मग सांगायला लागली. पाऊण तास सांगत होती. कुठल्या तळ्यावर कोण आलं, कुणाचं पिल्लू चालायला लागलं, वारा कसा फिरला. मी मधे एकदाही बोललो नाही.

दोनदा बोललो.

तिसऱ्यांदा बोलणार होतो, तेवढ्यात ती म्हणाली, बटाटे कच्चे आहेत.